अंगणातला विमानतळ

संस्थेच्या सरांचा फोन आला तेव्हा मी तलावात कमरेएवढ्या पाण्यात उभी होते. फोन काठावर, नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात. त्यानं तो उचलला, दोनदा हो हो म्हटलं आणि काठावरूनच मला सांगितलं, की तुझं नाव लागलं, व्हिएतनामला जायचं आहे. नाव लागणं हे आमच्याकडे दोनच ठिकाणी ऐकू येतं, घरकुलाच्या यादीत आणि रोजगार हमीच्या हजेरीत. त्यामुळे व्हिएतनाम हे एखाद्या नव्या योजनेचं नाव असेल, असंच मला आधी वाटलं.

आमचं गाव अहेरीपासून आत आहे. गावचा तलाव आम्हा अकरा बायकांच्या गटाकडे आहे. आमची घरं पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणारी. थोडं धान पिकवायचं, तलावात जाळं टाकायचं आणि उरलेल्या दिवसांत मिळेल ती मजुरी करायची. मी बारावीपर्यंत शिकले म्हणून गटाचे कागद माझ्याकडे आले आणि कागदांमुळे सरांची ओळख झाली. चंद्रपूर आणि गडचिरोलीतल्या मासे पाळणाऱ्या सहा जणांना आठ दिवसांसाठी तिकडचे तलाव दाखवायला न्यायचं, असं त्यांच्या संस्थेनं ठरवलं होतं. तोवर मी नागपूरला दोनदा गेले होते. एकदा सासूबाईंच्या डोळ्यांसाठी, एकदा वरातीत.

पासपोर्ट निघेपर्यंत चार महिने गेले. शाळेच्या दाखल्यावर माझं नाव एक आणि आधारवर दुसरं होतं. ते जुळवायला दोन तालुके फिरावे लागले. मग चौकशीसाठी पोलीस घरी आला. आमच्या भागात कुणाच्या दारात पोलीस उभा राहिला की शेजारपाजारचे हळूच आत जातात. तो बिचारा पाणी प्यायला, सही घेतली आणि गेला. त्यानंतर दोन दिवस बाया मला विहिरीवर विचारत होत्या, की काय झालं, कोणाचं नाव घेतलं.

परदेशी जाणार हे एकदा कळलं आणि सल्ला द्यायला सारं गाव पुढे आलं. विमानात कान फुटतात, कापूस घाल. तिकडे साप खातात, डब्यात भाकरी ने. अंगावर दागिना ठेवू नको. दागिना ठेव, नाहीतर भिकारी समजतील. सासूबाईंनी तिखटाचा डबा भरला, कारण तिखटावाचून माझं पोट बिघडेल याची त्यांना खात्री होती. कुणाचंच मन वाईट नव्हतं. पण त्यातला कुणी कधी विमानात बसला नव्हता, आणि जितकं ऐकावं तितकी माझी भीती वाढत गेली. शेवटी मी नवऱ्याला म्हणाले, की मी सरांना नाही सांगते. तो म्हणाला, सांगायचं तर सांग, पण आधी तुझ्या बहिणीला फोन कर.

माझी चुलत बहीण सिरोंच्याला, तेलंगणाच्या सीमेवर, दिली आहे. तिचा नवरा, म्हणजे आमचे भाटवे, अकरा वर्षं एका आखाती देशात राहून आले होते. तिकडच्या मोठ्या विमानतळावर ते नोकरीला होते, एवढंच आम्हाला माहीत. परत आल्यावर त्यांनी गोदावरीच्या काठच्या शेतात मिरची आणि कापूस लावला होता, नदीत जाळं टाकत होते, आणि लग्नकार्यात आले की कोपऱ्यात बसून असायचे. त्यांच्याशी मी आयुष्यात दहा वाक्यंसुद्धा बोलले नसेन. बहिणीनं फोन त्यांच्याकडे दिला. ते म्हणाले, दोन दिवस काढून ये, वही आण.

मी बसनं सिरोंच्याला गेले. रस्त्यानं हाडं खिळखिळी झाली होती, आणि मनात अर्धा निश्चय हाच होता, की जाऊन यायचं आणि मग नाही म्हणायचं. दुपारी पोचले तर अंगणात चुन्याच्या रेघा मारलेल्या. कबड्डीचं मैदान आखतात तशा. दोन खाटा आडव्या टाकलेल्या, गोठ्याच्या दाराला दोरी बांधलेली. भाटव्यांनी मला पाणी दिलं, चहा होऊ दिला आणि मग खाटेवर बसून सांगितलं.

"पहिले एक गोष्ट सांगतो. मी तिथी झाडत होतो. लोकाईले वाटते, मी काउंटरवर बसत होतो. मी कोनाले हो म्हनलो नाई, नाई बी म्हनलो नाई. पन तू जाऊन राह्यली, त तुले खरं मालूम पाह्यजे. मी फरशी पुसली, संडास धुतले, गाड्या ढकलल्या. म्हनून मले थे सारं मालूम हाये."

माझी बहीण चुलीपाशी होती. तिनं वर पाहिलं नाही. तिला हे आधीपासून माहीत असणार. मी वही उघडली.

मग त्यांनी मला त्या रेघांमधून चालवलं. फाटकापाशी तिकीट आणि पासपोर्ट दाखवायचा, तो पहिला माणूस. पहिल्या खाटेवर मोठी बॅग द्यायची. ती पट्ट्यावरून आत गेली की जीव घाबरा करायचा नाही, ती शेवटच्या गावी भेटते, फक्त तिची चिठ्ठी सांभाळायची. गोठ्याचं दार म्हणजे तपासणी. तिथं त्यांनी मला थांबवलं आणि कमरेला काय खोचलं आहे ते विचारलं. पेटीची किल्ली होती. ती काढून टोपलीत टाकायला लावली. तिखट, लोणचं, तेल, पाण्याची बाटली यातलं काही हातातल्या पिशवीत ठेवायचं नाही, सगळं मोठ्या बॅगेत. औषधं मात्र हातातल्या पिशवीत आणि डॉक्टरची चिठ्ठी त्यांच्यासोबत. कुणी कितीही रडलं, गाववाला असला, जातवाला असला, तरी त्याची पिशवी पाच मिनिटंसुद्धा धरायची नाही.

बोलताना ते एकदम वेगळे दिसत होते. पाठ ताठ, आवाज मोकळा. कुंपणापाशी शेजारच्या दोन-तीन बाया येऊन उभ्या राहिल्या आणि तेलुगूत काहीतरी बोलून हसल्या, पण त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. बहिणीला रांगेत माझ्या पुढे उभं केलं, म्हणजे रांगेत किती अंतर ठेवायचं ते मला कळावं. दुसऱ्या खाटेवर ते स्वतः अधिकारी होऊन बसले आणि त्यांनी हिंदीत विचारलं, कुठे चाललात, कशासाठी. मी सांगायला लागले, की आमचा गट आहे, तलाव मामा तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळचा आहे, मागच्या वर्षी त्याची पाळ फुटली. त्यांनी हात वर केला.

"थो जेवढं विचारते तेवढंच सांगजो. कुठी जाते, त गाव सांग. किती दिवस, त दिवस सांग. तलावाची कहानी वापस आल्यावर मले सांगजो."

तीनदा ते अधिकारी झाले, तेव्हा कुठे मला थोडक्यात बोलता आलं. मी घाई केली की ते 'नेम्मदिगा' म्हणायचे. तेलुगूत त्याचा अर्थ हळूहळू, सावकाश. तो शब्द त्या दोन दिवसांत इतक्या वेळा ऐकला, की पुढे विमानात बसताना माझ्या तोंडून तोच निघाला.

संध्याकाळी बहिणीनं जुन्या लुगड्याच्या काठाची एक पिशवी शिवून दिली, पोलक्याच्या आतून गळ्यात घालायची. पासपोर्ट त्यात ठेवायचा आणि झोपतानासुद्धा काढायचा नाही. त्याच्या दोन झेरॉक्स काढायच्या, एक बॅगेत आणि एक घरी नवऱ्याजवळ. जेवताना भाटव्यांनी त्यामागचं कारण सांगितलं. ते पहिल्यांदा गेले तेव्हा ज्यानं नेलं त्यानंच उतरल्याबरोबर सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करून घेतले, सांभाळून ठेवतो म्हणाला. पुढे त्यांचे वडील वारले. पासपोर्ट हाती येईपर्यंत तेरवी होऊन गेली होती. हे त्यांनी भातावर कालवण ओतता ओतता सांगितलं. मी विचारलं, की मग पुन्हा कसे राहिलात. ते म्हणाले, राहावं लागलं.

मग जेवण संपत आल्यावर त्यांनी ते सांगितलं, जे मी वहीत लिहिलं नाही, कारण हात खरकटा होता.

"हरपली, त चालू नको. जिथी सोबतचे शेवटी दिसले तिथीच उभी राह्यजो. अन् कोनाले विचारायचं असन त कोटवाल्याले विचारू नको. थो इंग्रजीत सांगते अन् निघून जाते. ज्याच्या हातात झाडू असन त्याले विचारजो. थो सोबत चालते."

गावी परतले ती जायचं ठरवूनच. भीती गेली नव्हती. पण ज्या माणसानं माझ्यासाठी स्वतःचं झाकलेलं उघडं केलं होतं, त्याला नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं.

आम्ही नागपूरहून निघालो. सहा जणांत बायका दोघीच. दुसरी गडचांदूरकडची होती. चुनखडीच्या जुन्या खाणीत पावसाचं पाणी साचतं, त्यात ती मासे पाळायची. तोंडाची भारी मोकळी. रेल्वेत बसावं तशी ती विमानात बसली आणि शेजारच्याला कुठं उतरणार ते विचारलं. दिल्लीला तपासणीत तिच्या हातातल्या पिशवीतून लाल तिखटाचा पुडा निघाला आणि तो तिथंच ठेवावा लागला. तिला फार वाईट वाटलं. माझा डबा मोठ्या बॅगेत होता. पुढे आठही दिवस आम्ही दोघींनी त्यातलं तिखट वाटून खाल्लं. सासूबाईंचं बरोबर होतं, एवढं कबूल केलं पाहिजे. कागद तपासणाऱ्या अधिकाऱ्यानं मला दोन प्रश्न विचारले, मी दोन उत्तरं दिली आणि त्यानं शिक्का मारला. अंगणात त्यापेक्षा अवघड परीक्षा झाली होती.

सकाळी बँकॉकला उतरलो. तिथं विमान बदलायचं होतं आणि मध्ये तीन तास होते. सरांनी सगळ्यांना एका खांबापाशी बसवलं आणि बोर्डिंग पासवरचा गेटचा नंबर दाखवला. मी सांगून बाथरूमला गेले. आत नळ होते, पण त्यांना तोटी नव्हती. मी वरून दाबलं, बाजूनं फिरवलं, पाणी येईना. शेवटी एका बाईनं हात नुसता नळाखाली धरलेला पाहिला तेव्हा समजलं. बाहेर आले आणि ज्या बाजूनं आले असं वाटलं तिकडे वळले. बरंच चालल्यावर ध्यानात आलं, की हे दुकान आपण पाहिलेलं नाही. मागे फिरले, तर आता सगळीच दुकानं सारखी दिसायला लागली. खांब सापडला तेव्हा तिथं आमच्यातलं कुणी नव्हतं.

तो तोच खांब होता, कारण त्याच्यावर मघाशी बसताना पाहिलेलं पिवळ्या फुलांचं चित्र होतं. पण माणसं गेली होती. फोन लावला, लागेना. इथलं सिम तिकडे चालत नव्हतं, आणि पोचल्यावर दुसरं घेऊ असं सरांनीच सांगितलं होतं. जंगलात सरपणाला जाताना मी लहानपणी दोनदा चुकले होते, पण तिथं झाडं ओळखीची होती, ओढ्याचा आवाज होता. इथं हजारो माणसं आणि एकही जण माझ्याकडे पाहत नव्हता. पळत सुटावं, कुठल्याही दिशेनं, असं पायांना वाटत होतं. मी खांबाला पाठ लावली आणि उभी राहिले.

पंधरा मिनिटं तरी गेली असतील. कोटवाले पुष्कळ गेले. मग एक बाई ढकलगाडी घेऊन आली. गाडीवर बादली, पोछा, कागदाची भेंडोळी. वय माझ्या आईएवढं. निळा गणवेश, केस जाळीत बांधलेले. मी पुढे होऊन बोर्डिंग पास तिच्यापुढे धरला. तिला इंग्रजी येत नव्हतं आणि मला आलं असतं तरी उपयोग नव्हता. तिनं कागद लांब धरून डोळे बारीक केले, मग मान वर करून भिंतीवरच्या फळ्याकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं. बोटानं कागदावरच्या नंबरावर काट मारल्यासारखं केलं आणि फळ्यावरचा दुसरा नंबर दाखवला. गेट बदललं होतं.

मी तो नंबर पाहून घेतला, पण जायचं कुठं? माझ्या चेहऱ्यावरच तिला ते दिसलं असेल. तिनं गाडी भिंतीला लावली, हातमोजा काढून खिशात कोंबला आणि माझं कोपर धरलं.

आम्ही चालू लागलो. मध्ये एके ठिकाणी जमीनच सरकत होती, लांबलचक पट्टा, आणि माणसं त्यावर नुसती उभी राहून पुढे जात होती. मी तिथंच थांबले. भाटव्यांच्या अंगणात हे नव्हतं. ती बाई एक पाऊल त्यावर टाकून माझ्यासाठी उलटी चालत राहिली, हात लांब करून, आणि मला हसू फुटलं, कारण ती जागच्या जागीच राहत होती. तेवढ्या हसण्यात मी पाऊल टाकलं. पट्ट्यावर तिनं मला काहीतरी विचारलं. बहुधा कुठली म्हणून. मी इंडिया म्हणाले. तिनं मान डोलावली आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवून एक शब्द सांगितला. तिच्या गावाचं नाव असावं किंवा तिचं. मी तो मनात दोनदा म्हटला, पण आज आठवत नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

गेटपाशी आमचे सर घामाघूम उभे होते. गेट बदलल्याची घोषणा झाली तशी सगळे उठले, तू मागून येते आहेस असं प्रत्येकाला वाटलं, असं त्यांनी सांगितलं. गडचांदूरची बाई रडत होती आणि रडता रडता मला रागावत होती. मी मागे वळले. ती निळ्या गणवेशातली बाई जायला निघाली होती. काही द्यावं असं मनात आलं, पण हातातल्या पिशवीत औषधं आणि वही याखेरीज काही नव्हतं. मी हात जोडले. तिनंही हात जोडले, आपल्यासारखेच, फक्त आपल्यापेक्षा थोडे वर, आणि मान खाली केली. तिच्या देशात नमस्कार तसाच करतात, हे सरांनी नंतर सांगितलं. त्या वेळी मला वाटलं, की तिनं तो माझ्याकडे पाहून केला.

व्हिएतनामात आम्हाला हो ची मिन्ह शहरातून खाली, मोठ्या नदीच्या मुलखात नेलं. पोचल्याबरोबर मी हॉटेलच्या टेबलावरचं कार्ड मागून घेतलं, त्यांच्या भाषेत पत्ता छापलेलं, आणि गळ्यातल्या पिशवीत ठेवलं. हेही अंगणातलंच. ते पाहून सरांनी सगळ्यांना घ्यायला लावलं.

तिथं एका मासेवाल्या कुटुंबाकडे आम्ही तीन दिवस जात होतो. दारात चपला काढायच्या, आपल्यासारख्याच. घरची कर्ती बाई माझ्याच वयाची. पहिल्या दिवशी गडचांदूरच्या बाईनं तिच्या सासूचा न विचारता फोटो काढला आणि म्हातारी तोंड फिरवून आत निघून गेली. आम्हाला शरमल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी फोन दाखवून, मान हलवून विचारलं, तर म्हातारी केस विंचरून आली आणि नातवाला मांडीवर घेऊन बसली.

जेवायची मला धास्ती होती. गायीचं मांस आमच्यात चालत नाही, आणि ते सांगायचं कसं? मी वहीत गाय काढली, शिंगं आणि शेपटीसकट, आणि तिच्यावर फुली मारली. त्या बाईनं चित्र हातात घेऊन सगळ्या घराला दाखवलं, सगळे हसले, आणि मग ताटात मासा आला. भात, मासा, आणि वर मूठभर कच्चा सांबार. बाहेरचे लोक त्याला कोथिंबीर म्हणतात, आमच्याकडे सांबारच. त्या वासानं मला घरी बसल्यासारखं वाटलं. मासे आंबवून काढलेलं पाणी ते जेवणात घेतात, त्याचा वास मात्र उग्र असतो, पहिला घास कठीण जातो. दुसरा जात नाही.

मोठ्या तलावात बोटुकली, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं, एकदम सोडायची नाहीत, आधी जाळीच्या पेट्यांत मोठी करायची, हे मी तिच्याकडे शिकले. तिनं माझा हात धरून खाद्याची मूठ किती ते दाखवलं. तेव्हा तिनं माझा पंजा उलटा करून पाहिला. माशांच्या काट्यांचे जुने वण. तिनं तिचा पंजा शेजारी धरला. दोघींच्या अंगठ्याखाली सारख्याच जागी वण होता, जाळ्यातून मरळ काढताना लागतो तिथं. आम्ही बराच वेळ तशाच पाण्याकाठी उकिडव्या बसलो होतो.

परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी सिरोंच्याला गेले. मिरचीची तोडणी चालू होती. भाटवे शेतातून आले, हातपाय धुऊन खाटेवर बसले आणि म्हणाले, सांग आता तलावाची कहाणी. मी सगळं सांगितलं. तलाव, पेट्या, म्हातारी. ते ऐकत होते, पण बँकॉकचं आलं तेव्हा त्यांनी मला थांबवून पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. त्या बाईचा गणवेश कसा होता, गाडी कुठं लावली, मुकादमानं तिला पाहिलं का. गाडी सोडून गेलं तर तिकडे बोलणी बसतात, कधी दिवसाची मजुरी कापतात, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. मला हे माहीत नव्हतं. तिनं मोजा काढून खिशात कोंबला, तेव्हा तिनं काय केलं होतं ते मला सिरोंच्याच्या अंगणात कळलं.

त्यांनी खाटेची सैल झालेली दोरी ओढून घट्ट केली. मग म्हणाले, "मी बी कितीक लोकाईले गेटपर्यंत नेऊन सोडलो. म्हातारे असत, लेकरंवाल्या बाया असत. पन थे पुढं पोचले का नाई, मले कधीच नाई समजलं. दार बंद झालं की झालं. आज तू सांगून राह्यली, त वाटते पोचले असतीन."

माझ्या बहिणीनं पदर डोळ्यांना लावला आणि ती चुलीकडे गेली. मी भाटव्यांच्या पाया पडले. आमच्याकडे साळीनं भाटव्यांच्या पाया पडायची रीत नाही, ते संकोचले, पाय मागे घेतले. पण मला त्या वेळी दोघांच्या पाया पडायचं होतं आणि एकजण फार लांब होती.

आता आमच्या भागात कुणी पहिल्यांदा बाहेरदेशी निघालं की माझ्याकडे येतं. एक मुलगी जपानला म्हाताऱ्यांची सेवा करायच्या कामावर गेली. तिला मी थेट सिरोंच्याला पाठवलं आणि भाटव्यांनी पुन्हा चुना आणला. या उन्हाळ्यात अहेरीच्या एक निवृत्त बाई आल्या. प्राथमिक शाळेत शिकवायच्या. मुलगा जर्मनीत, सून बाळंत होणार, आणि यांना एकटीनं जायचं. कागद सगळे तयार होते, इंग्रजी माझ्यापेक्षा पुष्कळ बरं. त्यांना भीती एकाच गोष्टीची, सरकत्या जिन्याची. नागपूरला एकदा त्यांची साडी त्यात अडकता अडकता वाचली होती.

मग आम्ही दोघी चंद्रपूरला गेलो. तिथं कापडाच्या एका मोठ्या दुकानात सरकता जिना आहे. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या पोचलो, म्हणजे गर्दी नको. मी त्यांना निऱ्या थोड्या वर खोचायला लावल्या, नजर पायरीवर ठेवा, बाजूचा पट्टा धरा आणि पाऊल पायरीच्या मध्यावर टाका, असं सांगितलं आणि आधी मीच चढून-उतरून दाखवलं. त्या खाली उभ्याच. दारावरचा पहारेकरी आमच्याकडे पाहत होता. त्याला मी काय चाललं आहे ते सांगितलं, तर तो उठला आणि त्यानं बाईंच्या मागे उभं राहून दोन्ही हात असे पसरले, की पडल्याच तर झेलता याव्यात. बाईंनी डोळे मिटून पाऊल टाकलं आणि वर पोचेपर्यंत माझं मनगट सोडलं नाही. दुसऱ्या खेपेला डोळे उघडे होते. पाचव्या खेपेला त्या एकट्या वर गेल्या, साड्यांच्या मजल्यावरून खाली वाकून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही खालीच थांबा बाई, मी उतरून येते."